कालीपाचा थर्मास आणि माझी कायद्याची पदवी

नारीन शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात मी अठरा वर्षं विधी सल्लागार आहे. होतो, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही. या अठरा वर्षांत माझ्याकडे कायद्याची पदवी आहे का, हे मला एकाही माणसाने विचारलं नाही, आणि कोणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत सुटायची मला सवय नाही. माझी पदवी शारीरिक शिक्षणाची आहे. विशेष विषय कुस्ती. जुने साहेब म्हणाले होते, "सापारबेक, चोरून नळ जोडणाऱ्या माणसापुढे बसायला कायद्यापेक्षा जाड मान जास्त उपयोगी पडते," आणि त्यांनी मला ती खुर्ची दिली. मानेचं म्हणाल तर ती आजही तशीच आहे.

जुलैच्या मध्यावर नवे साहेब जामीर यांनी मला बोलावलं. जामीर एकतीस वर्षांचे. माझ्या मुलीपेक्षा पाच वर्षांनी मोठे, आणि तरी मला "बसा हो काका" म्हणतात. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. वरून हुकूम आला होता. विधी सल्लागाराकडे कायद्याची पदवी हवीच. नसेल, तर निदान कुठल्यातरी विद्यापीठात नाव घातल्याचा दाखला एक सप्टेंबरला संध्याकाळी पाचच्या आत हवा. दूरशिक्षण चालेल. दाखला आला नाही, तर जागेसाठी आलेले अर्ज उघडायचे.

"म्हणजे मी... विद्यार्थी व्हायचं?" मी विचारलं.

"नाहीतर बाहेर व्हायचं," जामीर म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, पण म्हणाले. आणि जाहिरात त्याच दुपारी फलकावर लागलीसुद्धा. माझ्या जागेची जाहिरात माझ्याच टाचण्या वापरून लावलेली पाहून मला जो धक्का बसला, तो या गोष्टीतला सगळ्यात लहान धक्का होता, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

घरी गेलो. बुरुल, म्हणजे माझी बायको, चहा ओतत होती. तिला बिश्केकहून येऊन तीनच आठवडे झाले होते. तिची एक मावशी तिथे असते, आणि त्या मावशीचे गुडघे दुखतात. दुखायला लागले की बुरुलला तीन तीन आठवडे जाऊन राहावं लागतं. अशा वेळी मी स्वतः बटाटे उकडून खातो, पण तक्रार करत नाही. आमच्या घरात बायकोला मोकळीक आहे. ती माझी कार्यालयाची पत्रं घरी टाईपसुद्धा करते. गेली चार-पाच वर्षं आमचं कार्यालय एकही खटला हरलेलं नाही. वयानुसार माझी भाषा पिकत गेली, असं जुने साहेब निरोपाच्या भाषणात म्हणाले होते, आणि मी मान खाली घालून ते मान्य केलं होतं.

मी हुकुमाची हकीकत सांगितली. बुरुलच्या हातातली किटली हवेतच थांबली.

"मग कुठलं विद्यापीठ बघताय?"

"बघू. एखादं चांगलंसं."

"चांगलंसं म्हणजे? त्यांना कायदा शिकवायचा परवाना आहे का ते बघा. शेवटची सरकारी परीक्षा तिथेच होते का, ते विचारा. आणि जुनी पदवी असलेल्यांना काही विषय माफ असतात, तेही विचारा."

मला हसू आलं. "अगं, नळाचा पाना आणि परवाना यातला फरक तरी कळतो का तुला? तू चहा ओत."

तिने चहा ओतला. या वाक्याची आठवण झाली की आजही माझे कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात उभं राहून बिश्केकच्या जेतिगेन संस्थेला फोन लावला. वर्तमानपत्रात त्यांची जाहिरात होती: घरबसल्या वकील व्हा. फोन नीट ऐकू येत नव्हता म्हणून मी ओरडून बोलत होतो. "हो, कायदा! हो हो, घरबसल्या! सापारबेक! लिहून घ्या नाव!" मला फक्त माहितीपत्रक मागवायचं होतं. पण कुंपणापलीकडे कालीपा कांदे काढत होती.

कालीपा आमची शेजारीण. बाई मनाने सोनं आहे, पायाला मात्र चाकं आहेत. आमच्याकडे आनंदाची बातमी जो पहिल्यांदा आणतो तो "सुयुन्चू!" असं ओरडतो, आणि ज्याला बातमी सांगितली त्याने त्याला काहीतरी भेट द्यावी लागते. कालीपाच्या घरातली निम्मी भांडी अशी आलेली आहेत. माझा फोन संपायच्या आत ती माझ्या व्याह्यांच्या, ओस्मोनकूल यांच्या दारात पोचली होती. "सुयुन्चू! सुयुन्चू! तुमचे व्याही बिश्केकच्या विद्यापीठात लागले! वकील होणार!" ओस्मोनकूल यांनी तिथल्या तिथे तिला नवा कोरा थर्मास दिला. निळा, त्यावर गुलाब.

मला हे कळलं तेव्हा तो थर्मास तिच्या खिडकीत दिमाखाने बसला होता. मी धावत गेलो.

"वहिनी, काय केलंत हे! मी कुठेच लागलेलो नाही अजून. विद्यापीठसुद्धा ठरलेलं नाही!"

"मग ठरवा की भाऊ. त्यात काय!"

"तुम्ही आत्ताच्या आत्ता जा आणि चूक झाली म्हणून सांगा. थर्मास परत द्या."

कालीपाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला मुलगाच परत करायला सांगतोय. "सुयुन्चू परत केलेली कधी ऐकलीय तुम्ही? व्याह्यांच्या घरातली बरकत जाईल. आणि तुमचं काम होणार असेल, ते होणार नाही. माझं काय, मी देईन, पण उद्या काही वाईट झालं तर माझ्या नावाने बोंबलू नका."

आता मी सुशिक्षित माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण नोकरीचा प्रश्न होता, म्हणून मी तिला थर्मास ठेवून घ्यायला सांगितलं. तेवढी एक परवानगी मी दिली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं म्हणायला हरकत नाही.

रविवारी ओस्मोनकूल मेंढा घेऊन आले. सोबत गल्लीतले सगळ्यात वयस्क मुकाम्बेत आजोबा, वय ब्याऐंशी, आणि त्यांच्या मागे अर्धी गल्ली. ओस्मोनकूल मोठ्याने बोलतात, कारण ते ट्रकचालक होते आणि इंजिन बंद झाल्याचं त्यांना अजून पटलेलं नाही. "व्याही! लाज राखलीत आमची! सुनेचा बाप वकील!" म्हणत त्यांनी माझ्या अंगावर जांभळ्या मखमलीचा, सोनेरी नक्षीचा, पायघोळ चापान, म्हणजे मानाचा अंगरखा, चढवला. व्याह्यांनी दहा जणांदेखत अंगावर घातलेला चापान काढून ठेवून "खरं म्हणजे मी लागलेलो नाही" असं सांगणारा माणूस नारीनमध्ये अजून जन्मलेला नाही. मुलगी त्यांच्या घरात नांदते आहे. मी चापानात उभा राहिलो आणि हसलो.

ताटं आली. मेंढ्याचं डोकं मुकाम्बेत आजोबांपुढे ठेवलं, ते रीतसर झालं. मग आजोबांनी सुरी घेतली, डोक्याचा एक कान कापला आणि तो माझ्यापुढे धरला.

अर्धी गल्ली माना उंचावून बघू लागली. कान आमच्याकडे लहान पोरांना देतात. वडीलधाऱ्यांचं नीट ऐकावं म्हणून. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, आजोबा होण्याच्या बेतात असलेला माणूस.

"खा बाळ," आजोबा म्हणाले. "विद्यार्थी आहेस आता. मास्तरांचं ऐकत जा."

मी कान खाल्ला. अपमानाची चव मिठाशिवायच्या कुरकुरीत हाडासारखी असते, एवढं मी सांगू शकतो.

मग सल्ले सुरू झाले. एक जण म्हणाला, विद्यापीठ बस स्थानकाजवळचं घ्यावं, उशीर झाला तरी धावत गाठता येतं. दुसरा म्हणाला, परीक्षा गवत कापणीच्या दिवसांत येत नाहीत ना एवढं बघावं, बाकी सगळी विद्यापीठं सारखीच. तिसऱ्याच्या मेहुण्याने दोन वर्षांत पदवी घेतली होती, पण तो ती कोणाला दाखवत नाही, कारण त्या विद्यापीठाच्या जागी आता हमामखाना आहे आणि पडताळणीचा फोन तिथे जातो. ओस्मोनकूल यांचं एकच म्हणणं, "छतावर घड्याळ असलेलं घ्या! मी ट्रकमधून पाहिलंय! मोठं घड्याळ!" शेवटी मुकाम्बेत आजोबांनी हात वर केला.

"तिथला पहारेकरी आपल्या कुळातला आहे का?"

कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मग कसलं विद्यापीठ निवडता! आधी पहारेकरी बघा." एवढं बोलून त्यांनी दोन्ही तळवे उघडले, मला न्यायाधीश होण्याचा आशीर्वाद दिला, सगळ्यांनी ओमिन म्हणून तोंडावरून हात फिरवले, आणि माझं विद्यापीठ न ठरताच माझं शिक्षण पक्कं झालं.

बुरुल कोपऱ्यात बसून वाट्यांत रस्सा वाढत होती. एवढ्या गलक्यात तिने फक्त एकदा माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "परवाना विचारा हो." मी चापान सावरत तिला हाताने गप्प केलं.

ऑगस्टचे चार आठवडे गवत कापण्यात आणि ओस्मोनकूल यांच्या ओळखीच्या लोकांना भेटण्यात गेले. तीस तारखेला मी बिश्केकला निघालो. चापान घालून. "कसला माणूस आलाय ते कळू दे त्यांना!" असं व्याह्यांनी बजावलं होतं आणि गाडीत बसवायला ते जातीने आले होते. बिश्केकला उतरलो तेव्हा डांबर वितळत होतं. मखमलीचं अस्तर लोकरीचं होतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

जेतिगेन संस्था तिसऱ्या मजल्यावर, खाली नवरीच्या पोशाखांचं दुकान. वर एक मुलगी पंख्यासमोर बसली होती.

"कायदा? कायदा आम्ही मागच्या वर्षीच बंद केला. परवाना संपला. आता पर्यटन शिकवतो."

"पण जाहिरात?"

"जाहिरातीचे पैसे आधीच भरले होते ना," ती म्हणाली. मग माझ्या चापानाकडे पाहून तिचे डोळे चमकले. "पर्यटनाला तुम्ही फार शोभाल हो काका. परदेशी पाहुण्यांपुढे असंच उभं राहायचं असतं."

मी जिना उतरलो. परवाना! बायको म्हणाली होती, आणि मी नळाच्या पान्याचा विनोद केला होता. पण विचार करायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन, सगळं बंद. एक तारखेला सकाळी आठला मी घड्याळवाल्या विद्यापीठाच्या दारात उभा. घड्याळ बंद होतं. पहारेकऱ्याला त्याचं कूळ विचारलं, तर त्याने मला ओळखपत्र विचारलं.

दूरशिक्षणाच्या खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. परवाना? आहे, भिंतीवर, ठळक. सरकारी परीक्षा? इथेच. "वर्षातून दोनदा यायचं," त्या म्हणाल्या. "जानेवारीत तीन आठवडे, जूनमध्ये तीन आठवडे. पाच वर्षं."

"काही अडचण नाही. आमच्या मावशी असतात इथे," मी म्हणालो. योगायोग असा, की त्या मावशीचे गुडघेही नेमके जानेवारीत आणि जूनमध्येच दुखतात. म्हणजे बुरुलही तिथेच असणार, आपले जेवणाचे हाल होणार नाहीत, हे ध्यानात येऊन मला फार बरं वाटलं. माणूस एवढा ठोंब्या असू शकतो यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण मी स्वतः साक्षीदार आहे.

बाईंनी माझी जुनी पदवी पाहिली, मग पारपत्र पाहिलं, मग पुन्हा पदवी.

"पदवी सापारबेक दॉलोतोव यांची. पारपत्र सापारबेक दॉलोत उलू यांचं. दुसरे गृहस्थ कुठे आहेत?"

"दोन्ही मीच! तेव्हा रशियन पद्धतीचं आडनाव होतं, नंतर मी आपल्या पद्धतीचं करून घेतलं. अर्ध्या देशाने केलं!"

"अर्ध्या देशाने दाखला आणला. दोन्ही व्यक्ती एकच आहेत, असं तुमच्या कार्यालयाच्या विधी सल्लागाराच्या सहीचं पत्र लागेल."

मी खुश झालो. छाती पुढे काढून म्हणालो, "विधी सल्लागार मीच आहे. द्या कागद, सही करतो."

"आणि सहीखाली त्यांच्या कायद्याच्या पदवीचा क्रमांक," बाई म्हणाल्या.

मी बोटांवर हिशेब मांडला. पदवीसाठी नाव घालायला सही हवी, सहीला पदवी हवी, आणि पदवी मिळवायला मी इथे आलो होतो. रांगेत माझ्या मागे असलेल्या माणसाने मला पाणी दिलं. बाईंनाही दया आली असावी. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्याच नारीनच्या एक बाई याच जूनमध्ये कायद्याचा लाल डिप्लोमा घेऊन गेल्या. सगळ्या विषयांत अव्वल. त्यांना गाठा ना."

"नारीनमध्ये अशी बाई असती तर मला ठाऊक नसती का?" मी म्हणालो, आणि पत्राचा कोरा नमुना घेऊन गाडीकडे पळालो. जामीरच्या पाया पडायचं, आणखी आठ दिवस मागायचे, एवढाच बेत डोक्यात होता. पाचच्या आत पोचणं शक्य होतं. पण दोलोन घाटात कुरणांवरून मेंढ्या खाली उतरत होत्या. हजारो. तीन तास आमची गाडी मेंढ्यांत उभी होती आणि मी चापान घालून खिडकीतून त्यांच्याकडे पाहत होतो. पाच वाजले तेव्हा एक मेंढी माझ्याकडे रोखून बघत होती. माझी अठरा वर्षं तिच्यादेखत संपली.

नारीनला उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते, ऊन अजून डोंगरावर होतं. थांब्यावर कालीपा उभी. मला पाहताच तिने दोन्ही हात वर केले.

"सुयुन्चू! सुयुन्चू, भाऊ!"

"वहिनी, देवाशपथ, आज नको."

"आधी द्या, मग सांगते. यापेक्षा मोठी बातमी मी आयुष्यात आणलेली नाही."

माझ्याकडे देण्यासारखं होतं काय? मी चापान काढला आणि तिच्या हातात दिला. तीन दिवसांत पहिल्यांदा अंगाला वारा लागला.

"बुरुल वहिनी पाणीपुरवठ्याच्या विधी सल्लागार झाल्या! साडेपाचला अर्ज उघडले. लाल डिप्लोमा आहे त्यांच्याकडे! जामीर साहेब उठून उभे राहिले म्हणे! तुमची खुर्ची घरातच राहिली, भाऊ!"

मी थांब्यावरच्या बाकावर बसलो.  मग एकेक गोष्ट आपणहून जागेवर येऊ लागली: जानेवारी, जून, गुडघे, परवाना, न हरलेले खटले, माझी पिकत गेलेली भाषा. राग आला, खोटं कशाला बोलू. सत्तावीस वर्षं ज्या बाईच्या हातचा चहा प्यालो, तिने पाच वर्षं मला फसवलं. तावातावाने घरी गेलो.

बुरुल चहा ओतत होती. नेहमीसारखीच.

"मावशीचे गुडघे?" मी दारातूनच विचारलं.

"ठणठणीत आहेत. रोज बाजारात चालत जाते."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने किटली खाली ठेवली. "तुम्हाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कालीपाला कळलं असतं. मेंढा कापला असता, आजोबांनी आशीर्वाद दिला असता, आणि पहिल्याच परीक्षेत नापास झाले असते तर मी या गल्लीतून कशी चालले असते? मी आधी पास झाले, मग बातमी. तुमची आधी बातमी झाली."

मी उंबरा ओलांडून आत येऊन बसलो. मग तिने खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तिचा अर्ज मागे घेत असल्याचं पत्र, खाली तिची सही, वर आजची तारीख. "पाचपर्यंत तुमचा दाखला आला असता तर हे देणार होते. जामीरच्या दारात उभी होते मी पाचपर्यंत. रस्त्याकडे बघत."

राग कुठे गेला ते कळलं नाही.  मला माझ्या बायकोचा अभिमान वाटला, आणि तो वाटायला पाच वर्षं उशीर झाला याची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटतं तेव्हा माणसाने काय करायचं असतं, हे कुस्तीत शिकवत नाहीत. मी खिशातून तो चुरगळलेला नमुना काढला आणि तिच्यापुढे धरला.

तिने तो नीट वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. "सापारबेक दॉलोतोव आणि सापारबेक दॉलोत उलू हे एकच," ती म्हणाली. "नक्की ना?"

"तू सांग."

"एकच. दोन असते तर मला झेपले नसते." तिने सही केली आणि खाली पदवीचा क्रमांक लिहिला. विधी सल्लागार म्हणून तिची ती पहिली सही.

माझं नाव विद्यापीठात लागलंय, पण खुर्ची गेल्यावर तेही बारगळलं, असंच गल्लीला वाटतं. कार्यालयात आता मी विधी विभागाचा कारकून आहे. मॅडम मला "अहो" म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात, आणि माझी पत्रं लाल शाईने तपासून परत पाठवतात. जानेवारीत मी तीन आठवडे बिश्केकला जाणार आहे. कालीपा सारखी विचारते, कशासाठी जाताय भाऊ?

मी तिला सांगितलंय, बुरुलच्या मावशीचे गुडघे फार दुखतायत.